मरहूनने कप हलवला

आखातातल्या मुहर्रक बेटावरच्या आमच्या कॉफीच्या दुकानात टॅक्सीवाल्या हाजी मरहूनला सगळ्याच विषयांवर मत होतं, आणि कुणी विचारायची वाटही तो बघत नसे. शर्यतीच्या गाड्या? "दम गाडीत असतो रे, चालवणारा नुसता बसलेला!" पृथ्वी थंड करणारी यंत्रं? "आधी माझ्या टॅक्सीचा एसी चालवून दाखवा म्हणावं!" समुद्राचं पाणी गोडं करणं? "त्यात काय मोठंसं? चहूकडे समुद्र पडलाय. मीठ काढा आणि प्या!"

डोकं उठायचं माझं. त्यात हा कॉफी किती पिणार! आमच्यात पुरे झालं की रिकामा कप हलवायचा, नाहीतर दुकानवाला याकूब ओततच राहतो. मरहूनला कप हलवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

परवा टीव्हीवर शर्यत रंगात आली होती, तेवढ्यात त्याच्या जावयाचा फोन आला. जावई पाणी गोडं करायच्या कारखान्यात कामाला आहे. मरहूनचा चेहरा पांढराफटक पडला.

"किनाऱ्याला लाल शेवाळ आलंय," तो म्हणाला. "ते आत येऊ नये म्हणून कारखान्याचे पंप बंद केलेत. आता गावाला टाक्यांत आहे तेवढंच पाणी."

"मग हाजी, यावर काय मत तुमचं?" मी टोमणा मारला.

कुणी हसलं नाही. टीव्हीवर गाड्या बोंबलत होत्या.

याकूब किटली घेऊन आला. मरहूनने कप हलवला. मग शेजारच्याने, मग बाकावरच्या सगळ्यांनी.

मीही हलवला. माझ्या कपात तर अजून कॉफी पडलीच नव्हती.