वस्तीचा गोली

गोलात उभा राहिला की तो चेंडूकडे बघतच नसे, मारणाऱ्याच्या पायाकडे बघे. "चेंडूला काय कळतंय? पाय आधी बोलतोय," म्हणायचा. नव्वदच्या दशकात तो आमच्या मंगळवार पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता. नावाने त्याला कुणी हाक मारली नाही. सगळ्यांचा तो गोलीच.

गोली हातकणंगल्याजवळच्या पारधी वस्तीतला. मॅच जिंकल्यावर पेठ गुलालात न्हायची, हा मात्र गुलाल झटकून एसटी गाठायचा. "वस्तीवर दिसलो न्हाय की आईच्या पोटात गोळा येतोय." आसपास कुठेही चोरी झाली की पोलीस वस्तीतल्या पुरुषांना उचलून नेत, हे आम्हाला फायनलच्या दिवशी कळलं.

त्या सकाळी गोलीलाही नेलं होतं. आमचे मॅनेजर अण्णा आणि मी ठाण्यात पोचलो. फौजदार म्हणाले, "तुमचा गोली तेवढा घेऊन जावा."

गोली वस्तीतल्या बाकीच्या पुरुषांबरोबर भिंतीला टेकून बसूनच राहिला.

"अरं, ऊठ की! ग्राउंडवर पब्लिक भरलंय," अण्णा ओरडले.

"ह्यास्नी सोडल्याबिगर न्हाय येत, अण्णा. ह्यांनी चोरी केली असंल तर मीबी केलीया."

अण्णांनी त्याला पोटभर शिव्या घातल्या. मग खुर्ची ओढून फौजदारांना म्हणाले, "घ्या लिहून. समद्यांना मी जामीन."

फायनल आम्ही दोन-शून्य हरलो. दोन्ही गोल गोली मैदानात पोचायच्या आधीचे.

पुढे गोव्यातल्या एका व्यावसायिक क्लबकडून तो सहा हंगाम खेळला. लोक दहा सांगतात, ते खरं नाही. गुडघा गेल्यावर परतला, तेव्हा पेठेने त्याला कोच व्हायला बोलावलं. तो वस्तीवरच राहिला. तिथल्या पोरांना शाळेत घातलं, त्यांचा संघ बांधला. सराव मात्र गावच्या बाजाराच्या मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी कारण विचारलं.

"चोरी झाली तवा पोरं कुठं हुती, हे गावानं सांगाय पायजे की. आमचं कोण ऐकतंय?"

एका रविवारी मी तिथे असताना जीप आलीच. तासाभरापूर्वी जवळच्या मळ्यातून पाण्याची मोटर गेली होती. हवालदार पोरांकडे वळला. गोली पुढे झाला, पण त्याला बोलावं लागलं नाही. वस्तीच्या माणसांना वेगळ्या पेल्यात चहा देणारा म्हातारा चहावाला गाड्यामागून ओरडला, "ओ सायेब, दुपारधरनं पोरं हितंच हाईत! आमी काय आंधळी हाय व्हय?" बाजारातले आणखी चार-पाच जण उठून उभे राहिले.

जीप वळली. गोली खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.