खाली कर

आमचं वॉशिंग मशीन मी दुरुस्त केलं, तेव्हा ते बिघडलेलं नव्हतं.

हे वाक्य माझं नाही, सुनंदाचं आहे. सुनंदा म्हणजे माझी बायको. गेली दोन वर्षं ती हे वाक्य येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देते आणि पाहुणे बिस्किटाच्या आधी ते उचलतात. माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच केलं असतं. (असा दुसरा कोणी मला अजून भेटलेला नाही.)

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत येऊन मला वीस वर्षं झाली. शहराबाहेरच्या सचिन नावाच्या वसाहतीत एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मी फिटर आहे, आणि अमरोलीजवळ एका घराच्या पहिल्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. घरमालक कांतिकाका तळमजल्यावर. माणूस सज्जन, आवाज कधी चढत नाही. पण त्यांचा एक हिंचका आहे, म्हणजे आपला झोपाळा. मागच्या ओट्यावर, नेमका आमच्या गॅलरीच्या तळाशी. पांढरेशुभ्र इस्त्रीचे कपडे घालून काका त्यावर बसतात आणि त्या वेळी जगात कोणी काही सांडू नये अशी त्यांची अपेक्षा असते. आमच्या आधीच्या भाडेकरूंच्या गॅलरीतून त्या हिंचक्यावर तीनदा पाणी पडलं. तिसऱ्या वेळी काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी सामान न्यायला टेम्पो बोलावला.

आमचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. काकांनी निरोप पाठवला, रविवारी चार वाजता वर येतो, घर बघतो, मग पुढचं सांगतो. आमची कोमल तेव्हा दहावीत. शाळा, क्लास, सगळं चालत पाच मिनिटांवर आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर. अशा वेळी घर सोडावं लागलं असतं तर पोरीच्या वर्षाचं काय झालं असतं कोण जाणे. दुपारी क्लासला निघालेली कोमल दारातून परत फिरली आणि म्हणाली, "पप्पा, आज काकांशी नीट बोला हां."  काही झालं तरी आज घरात एक थेंब इकडचा तिकडे होता कामा नये, असं मी मनाशी ठरवलं.

इकडे सुनंदाने ठरवलं होतं की काका यायच्या आत घरातले सगळे पडदे धुवायचे.

दोन वाजता गॅलरीतलं मशीन पडदे पोटात घेऊन उभं राहिलं. साबणाचं पाणी काठोकाठ, आणि पाणी सोडायचा नॉब फिरवला तरी पाइपातून पाणी कसं येतंय, तर करंगळीएवढं. सुनंदा म्हणाली, पाइप तुंबलाय, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला फोन करते, तो अर्ध्या तासात येतो. मी हसलो. चोवीस लूम ज्याच्या एका हाकेवर चालतात, त्या माणसाच्या घरी पाइपासाठी मेकॅनिक यावा? मी तिला फोन ठेवायला लावला. (सगळ्यात स्वस्त सुटका होती ती. मीच दार लावलं.)

आधी मी निदान केलं. पाइपात बायकांचे केस अडकलेत.  माझी माय महिनाभरासाठी गावाहून आली होती. ती म्हणाली, तिच्या डोक्यावर आता पाइप तुंबेल एवढे केस राहिलेले नाहीत. मग मी उपचाराला लागलो. मशीन आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत स्वतःला घुसवलं, पाइपाला तोंड लावलं आणि जोरात फुंकलं. पाइपाने उलट फुंकलं. पुढची पाच मिनिटं मी बोलायला तोंड उघडलं की बुडबुडे येत होते, त्यामुळे सुनंदाला तेवढ्यापुरतं समाधान लाभलं.

साडेतीन वाजले. तळमजल्यावर हिंचक्याच्या कड्या वाजायला लागल्या. कुर्र, कुर्र. काका येऊन बसले होते.

 प्रत्येक कुर्रला मला टेम्पो दिसत होता. तुंबा निघेपर्यंत पाणी मशीनमध्येच थांबवावं म्हणून मी नॉब बंद करायला गेलो. फिरेना. लूमवर एखादी गोष्ट फिरत नसली की आम्ही जोर लावतो, तसा लावला. नॉब माझ्या हातात आला. सुनंदाने विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही, आणि नॉब खिशात टाकला. आता पाणी अडवायचा एकच मार्ग उरला होता: पाइपाचं तोंड मशीनपेक्षा उंच धरून ठेवायचं. तुंबा होता तोवर ठीक होतं. पण तुंबा काढण्यासाठीच तर मी आत घुसलो होतो!

कारखान्यातून आणलेली लांब तार मी पाइपात सारली, पिळली, ओढली. काहीतरी हललं. पुन्हा ओढली, आणि फट्कन मुठीएवढा ओला बोळा तारेसकट बाहेर आला. पाठोपाठ पाण्याचा लोंढा! समोरची बादली डोळ्यांदेखत भरली. मी झटकन पाइप डोक्याच्या वर उचलला, पाणी थांबलं, आणि मी स्वतःवर खूश झालो. पावणेचार. पंधरा मिनिटं हातात होती. बादली मोरीत रिकामी करायची, पुन्हा भरायची, अशा सात-आठ बादल्या. काकांना पत्ताही लागला नसता.

हात भरून आला म्हणून मी मायला हाक मारली आणि पाइप तिच्या हाती दिला. वर धर, म्हणालो. मायने तो दोन्ही हातांनी कपाळाच्या वर धरला आणि देवळातल्यासारखी स्तब्ध उभी राहिली. तेवढ्यात सुनंदा दारात आली. मी मशीनच्या मागे वाकून, निघालेला नॉब परत बसतो का ते बघत होतो. वर न बघताच मी सुनंदाला बादलीबद्दल ओरडलो, "खाली कर! लवकर खाली कर!"

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. सुरतेत वीस वर्षं काढली की 'खाली' म्हणजे 'रिकामं', दुसरं काही नाही. इथे गोदाम खाली होतं, टेम्पो खाली होतो, भाडेकरूला खोली खाली करायला सांगतात. खाली म्हणजे जमिनीच्या दिशेला, हे मी कधी विसरलो ते मलाही कळलं नव्हतं. पण माय सुरतेत फक्त महिनाभर होती. मुलगा ओरडून सांगतोय, घाईत आहे, तर तिने बिचारीने लगेच खाली केला. पाइप. थेट जमिनीपर्यंत, आणि वर पायाने दाबून धरला, हलू नये म्हणून.

मशीनने दोन वाजल्यापासून अडवून ठेवलेलं सगळं एका दमात सोडलं. मी मागे अडकलेलो, सुनंदाच्या हातात भरलेली बादली, आणि मायला वाटतंय काम झालं. गॅलरीत घोट्यापर्यंत फेस चढला, भिंतीतल्या पन्हाळीकडे वळला आणि दिसेनासा झाला.

हिंचक्याचा आवाज थांबला.

"माय, काय केलंस हे?" मला रडू यायचं बाकी होतं.

"तूच सांगं ना, खाले कर," माय शांतपणे म्हणाली. "रिकामं कर म्हनाले तुले काय जड जास?" म्हणजे, रिकामं कर म्हणायला तुला काय जड जातं?

जिन्यावर चपलांचा आवाज आला. चप्, चप्, ओल्या चपलांचा. सुनंदाने दार उघडलं. काका उंबऱ्यात उभे होते, डोक्यापासून निथळत, एका कानावर फेस. ते काहीच बोलले नाहीत, आणि ते काही बोलत नाहीत तेव्हा पुढे काय होतं हे आम्हाला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांसमोर कोमलचा चेहरा आला. मी माझी सगळ्यात चांगली गुजराती काढली आणि भराभर सांगायला लागलो: मशीन जुनं, कंपनी भिकार, पाइप बारीक, घरात बायकांचे केस...

काकांनी हात वर करून मला थांबवलं. जमिनीवर पडलेली तार उचलली आणि टोकाचा बोळा बोटांनी पिंजला. आतून पोपटी धागा निघाला, लांबच लांब. काकांनी उभा जन्म लूम चालवण्यात घालवला होता.

"आ वाळ नथी," ते म्हणाले, हे केस नाहीत. "आ तो लूमनो धागो छे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पँटकडे. तुटलेल्या धाग्याची टोकं खिशात कोंबायची आम्हा लूमवाल्यांची जुनी खोड, आणि पँट खिशांसकट धुवायला मशीनमध्ये जाते. त्या आठवड्यात लूमवर पोपटी माल होता, आणि माझ्या खिशातून वीतभर पोपटी धागा लोंबत होता. त्यापुढे गुजराती चालेना. मी मराठीत म्हणालो, "काका, चूक माझी आहे. सगळी माझीच. पोरीची दहावी आहे, तेवढं बघा." एवढं बोलताना मी हात जोडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मायने एव्हाना काकांना खुर्चीवर बसवलं होतं, टॉवेल दिला होता, चहाचं आधण ठेवलं होतं. ती अहिराणीत बोलत होती आणि काका गुजरातीत. दोघांचं एक अक्षर अडत नव्हतं, कारण विषय एकच होता, मी. काका हळूहळू हसायला लागले. दुसरा कप घेताना त्यांनी सांगितलं की पोरीची परीक्षा होईपर्यंतच कशाला, पुढचे अकरा महिनेही राहा. सुनंदा स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसून आली.

करार आठ दिवसांनी झाला. काकांनी तो या वेळी सुनंदाच्या नावाने केला आणि शेवटी हाताने एक अट वाढवली: भाडेकरूच्या नवऱ्याने घरातल्या कुठल्याही पाइपाला हात लावायचा नाही. वकिलाने मला ती दोनदा वाचून दाखवली, कारण साक्षीदार म्हणून सही माझी हवी होती.