पहिली पंगत

टीव्हीवर जगातल्या भुकेची कारणं सांगत होते: दुष्काळ, युद्ध. मी चुलीपुढं भाकऱ्या थापत ऐकत होते. आमच्याकडं कालव्याचं पाणी होतं, दारात ट्रॅक्टर होता, तरी मी रोज अर्ध्या भाकरीवर उठायची. कारण पुरुष जेवून उरेल तेच बायकांचं, हा घरचा रिवाज. त्यात मला सातवा महिना. भाकऱ्या सासूबाईंवर सोपवून मी ताट घेतलं आणि थेट पुरुषांच्या पंगतीत बसले.

सासरे म्हणाले, "बायका मागनं बसत्यात."

"आवं मामंजी, ज्याला उरलंसुरलं चालतंय त्यानं मागनं बसावं. मला न्हाई चालत."

सासूबाई चुलीपासून उठल्या. तव्यावरची गरम भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.