रिकाम्या फायलींची साफसफाई

१२ ऑगस्ट. आजचं काम: मुलीच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर बसवणे.

मुलगी तन्वी एमएस्सी करते. ती कशेळ्याच्या वरच्या पाड्यावर ओढ्याच्या पाण्याची मोजमापं घेत बसली होती, दर दोन तासांनी, त्यामुळे घरी येता येईना. आधीची मोजमापं असलेला लॅपटॉप आमच्याकडे भिवपुरीला. उद्या बारापर्यंत त्यांचे आलेख सरांना गेले नाहीत, तर चर्चासत्रातला तिचा नंबर दुसऱ्याला जाणार होता.

"सोपंय गं आई," ती फोनवर म्हणाली. "आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायचं, मग त्यात आलेख काढायचं पॅकेज टाकायचं. बाकीच्या सॉफ्टवेअरशी त्याचं पटत नाही."

म्हणजे वेगळं बिऱ्हाड. त्याला एवढं लांबलचक इंग्रजी कशाला?

नवरा वीजकेंद्रातून निवृत्त. तिथली सवय अशी, की एक काम झालं की मेन बंद, वहीत नोंद, मग पुढचं काम. त्याने बिऱ्हाड तयार केलं, लॅपटॉप बंद केला, नोंद केली. परत सुरू करून पॅकेज मागवलं, तर ते बिऱ्हाडाबाहेरच जाऊन बसलं.

"बाबा, लॅपटॉप बंद केलास? मग आत शिरायची आज्ञा परत द्यावी लागते."

"चालू यंत्रात हात घालायचा नसतो," असं बजावून त्याने चौथ्यांदा लॅपटॉप बंद केला.

"उठा तुम्ही," मी म्हणाले. "अशाने आलेख पुढच्या पावसाळ्यात निघतील."

मी बसले आणि अर्ध्या तासात पॅकेज जागेवर. (यालाच काही लोक तंत्रज्ञान म्हणतात.)

"भारी," तन्वी म्हणाली. "चारला रेंजमध्ये आले की पुढचं सांगते. तोवर कशाला हात लावू नकोस."

हे मला सांगते! बिऱ्हाड उघडून पाहिलं, तर आत नुसती अडगळ. एकाच नावाच्या शेकडो फायली, आणि त्यातल्या कितीतरी रिकाम्या. आत एक अक्षर नाही. हे म्हणे शास्त्रज्ञ लिहितात. माझ्या स्वयंपाकघरात रिकामा डबा फळीवर राहत नाही. मी रिकाम्या तेवढ्या सगळ्या शोधून उडवल्या. कचऱ्याची टोपलीसुद्धा साफ केली.

चारला तन्वीने सांगितलेली आज्ञा दिली. पडदाभर चुकांच्या ओळी.

"आई, कशाला हात लावलास?"

"छे. फक्त रिकाम्या फायली काढल्या."



"आई, त्या रिकाम्याच असतात. पण असाव्या लागतात."

"वहीत नोंद करू का?" नवऱ्याने विचारलं.

सगळं नव्याने करायचं, तर तेवढ्यात घरचं नेट गेलं, ते गेलंच.

१३ ऑगस्ट. सकाळी लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला, कर्जतहून जीप धरली आणि कशेळं गाठलं. तन्वी खाली येऊन गळक्या थांब्यावर उभी होती. मी पिशवी सोडायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला.

"तू फक्त छत्री धर."

धरली. फोनच्या नेटवर तिने वीस मिनिटांत सगळं बसवलं, साडेअकराला आलेख सरांना गेले. तेवढा वेळ मी छत्री बिनचूक सांभाळली. तिच्यात उघडून आवरण्यासारखं काहीच नव्हतं.