वशाचा पांढरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — जाऊ दे.

वसंत आणि मी गिरणीत एकाच खात्यात. राहायलाही डिलाईल रोडच्या एकाच चाळीत. वशा म्हणायचो त्याला. संप लांबतच गेला, तेव्हा गिरगावातल्या एका कारखान्यात आम्हा दोघांना काम मिळालं. कारखाना कसला — दोन खोल्या. तिथे जुन्या इमारतींची हातभर मॉडेलं बनत. पुठ्ठा कापणं, चिकटवणं, रंगवणं, सगळं आम्हीच करायचो. मालक आठवड्यातून एकदा येत.

पांढरा रंग द्यायला काय लागतं, असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं. पण माझी भिंत काल चुना मारल्यासारखी दिसायची. वशाची — पन्नास पावसाळे सोसलेली. बोट लावलं तर पोपडा निघेल अशी. मी जळायचो का? हो. जळायचो.

वशाची आई गेली म्हणून तो मालवणला गेला. त्याच आठवड्यात मालक आले. वशाने रंगवून ठेवलेला बंगला त्यांनी उचलून खिडकीपाशी नेला, फिरवून फिरवून पाहिला.

"कुणी रंगवला रे हा?"

"मी."

तोंडातून निसटलं म्हणू? नाही — निसटलं नव्हतं. काम कमी झालंय, दोघांतला एकच ठेवणार, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

वशा दिवसकार्य उरकून परतला. डोक्यावर नुकतेच केस फुटत होते. मालकांनी त्याला दारातूनच नाही म्हणून सांगितलं. मी त्याच्यामागे जिना उतरलो. काय बोलणार होतो कुणास ठाऊक. त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुका ठेवल्यानी ना? बरा झाला. दोघांतलो एक तरी रवलो."

एवढ्यावर थांबलं असतं तरी — पण खरी लाज पुढेच आहे. मालकांना पुढचं मॉडेलही तसंच हवं होतं, आणि मला तो पांढरा येतच नव्हता. मग मी कुणाकडे गेलो असेन? वशाकडेच. रविवारी दुपारी. "जरा शिकव रे," म्हणालो.

त्याने कोनाड्यातलं साबणाचं रिकामं खोकं घेतलं, जमिनीवर मांडी घातली. "पांढऱ्यान सुरुवात करू नको. आधी मळको रंग दी. मग ब्रश सुको ठेव, नि पांढरो वर नुसतो घास. खिडकीखाली चायसारखा पाणी सोड." माझा हात धरून त्याने दोनदा करून घेतलं. वहिनींनी कोरा चहा दिला. मी तो प्यालोसुद्धा.

त्या एका दुपारवर माझी पुढची वीस वर्षं निघाली. वशा कॉटन ग्रीनच्या गोदामांत ओझी वाहत राहिला. कंबर गेली, तेव्हा कुठेतरी वॉचमन झाला. त्याने मला कधी काही विचारलं नाही. त्याला कळलं होतं का? मला माहीत नाही. ते जाणून घ्यायचं धाडसही मला झालं नाही.

गेल्या वर्षी तो गेला. चाळीतल्या शोकसभेत जुना मित्र म्हणून मला बोलायला लावलं. त्याच्या स्वभावावर बोललो, संपातल्या दिवसांवर बोललो. रंगाचा विषय काढला नाही.

निघताना मी चप्पल घालेपर्यंत त्याची मुलगी माझ्यापाशी उभी होती. म्हणाली, "काका, बाबा सगळ्यांना सांगायचे, तुमच्यासारखा पांढरा कुणाला जमत नाही."

मी मान डोलावली.