धाकट्यालाच का?

उंदरांच्या खोलीत सगळे तिला ताई म्हणत. सर, त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुली, झाडलोट करणारे काका, सगळेच. काम म्हटलं तर साधं. उंदीर उबेत ठेवायचा, त्याच्या शेपटीला इवलासा पट्टा चढवायचा आणि रक्तदाब टिपून घ्यायचा. नवखी मुलगी हमखास बोट चावून घेई. ताईच्या हातात मात्र उंदीर निवांत पडून राही.

पिंजऱ्यांच्या दोन रांगा होत्या, दोन जातींच्या उंदरांच्या. बीपी दोन्हींकडे जन्मापासूनच चढलेलं. पण खारट पाणी पाजलं की डावीकडच्यांना मेंदूचा झटका यायचा, उजवीकडचे बहुतेक धडधाकट राहायचे. असं का, हेच सर शोधत होते. दोन्ही जातींचा संकर करून, पिल्लं तपासून, त्यांनी काही जनुकांवर संशय धरला होता. त्यातल्या एकावर तर त्यांची फारच भिस्त होती.

ताईच्या घरातही बीपी वारशानं आलेलं. वडील त्यातच गेले. तिला होतं, धाकट्या भावालाही होतं. धाकटा सोफे शिवायचा. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बोलायची खोड, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं फक्त बायकोला आणि ताईलाच कळे.

"गोळी घेतलीस?"

"घेतली गं बाई! दिवसभर उंदरांच्या मागे, संध्याकाळी माझ्या मागे."

"उंदीर निदान ऐकतात."

"ऐकतील नाहीतर काय! शेपटी तुझ्या हातात असते."

आणि खरोखरच तो गोळी घ्यायचा, न चुकता. चुकायची ती ताईचीच. सगळ्यांची आठवण ठेवता ठेवता स्वतःची राहून जाई.

तरी झटका आला तो धाकट्याला. खुर्चीवर कापड ताणता ताणता हातातली हातोडी गळून पडली. शेजारचा दुकानदार धावत आला, तेव्हा धाकटा नुसता पडलेल्या हातोडीकडे बघत बसला होता. उचलायला हातच जात नव्हता.

ताई दवाखान्यात पोचली. त्याचा उजवा हात मुडपून छातीशी आलेला. असे मुडपलेले पंजे तिनं आजवर कितीतरी पाहिले होते, पिंजऱ्यात. त्यानं तिला बघून तोंड उघडलं, जीभ हलवली, पण शब्द काही फुटेना.

"राहू दे रे," ती म्हणाली, "कळलं मला."

कळलं काहीच नव्हतं. पुढे दुसरा झटका आला आणि तो गेला. काय सांगायचं होतं, ते त्याच्याबरोबरच गेलं.

ती कामावर परतली. खारट पाण्याच्या बाटल्या लावताना डावीकडच्या रांगेतला एक उंदीर एकाच बाजूला गोल गोल फिरताना दिसला. ताईनं हातातली बाटली खाली ठेवली. सरांनी येऊन औषधानं त्याला शांत केलं आणि तिला खुर्चीवर बसवलं.

"सर, त्या तुमच्या जनुकाचं काय झालं?"

सर चष्मा पुसत राहिले. "फसलं, ताई. दोन्ही रांगांमध्ये अगदी सारखंच निघालं. आता पुन्हा पहिल्यापासून."

"पण सापडलं, तर कळेल ना, धाकट्यालाच का ते?"

"उंदरातलं माणसात तसंच असेल असं नाही. आणि एका माणसाचं तर मला कधीच सांगता यायचं नाही."

त्यांनी खोटा दिलासा दिला असता, तर तिला राग आला असता. खरं बोलले, म्हणून रडू कोसळलं. तिनं पिल्लांच्या खोलीतलं काम मागून घेतलं. तिथे खारट पाणी कुणालाच पाजत नसत.

धाकट्याचं दुकान रिकामं करायला ती, भावजय आणि भाची गेल्या. भाची कापडाची टोकं जुळवत होती. मध्येच थांबली.

"आत्या, बाबा रोज गोळी घ्यायचे. तू तर विसरतेस. मग तुला कसं काही झालं नाही?"

"काय बोलतेस हे!" भावजय ओरडली.

"ओरडू नकोस तिला," ताई म्हणाली. "मीही तेच विचारत असते."

तिनं भाचीला जवळ घ्यायला हात पुढे केला. पोर मागे सरली. मग ताईनं कापडाचं दुसरं टोक उचललं, आणि दोघी एकमेकींकडे न बघता ते गुंडाळू लागल्या.