पॅनलवरच्या कुरडया

सौर पंपाच्या तक्रारी बघायला मी इंदापूर तालुक्यात मोटरसायकलवर फिरतो. निमगाव केतकीजवळच्या एका डाळिंबाच्या बागेतून आठवड्यात तिसऱ्यांदा तीच तक्रार आली, रोज अकराला पंप थांबतो. तक्रार करणारा मुलगा पुण्यात नोकरीला. पंप चालू की बंद, हे त्याला मोबाईलवर दिसतं.

मी पोचलो तेव्हा त्याची म्हातारी आई पॅनलवर लुगडं बांधून वर कुरडया मांडत होती. तिचं नाव माझ्या फॉर्मवर नव्हतं. पंप मुलाच्या नावावर होता.

"मावशी, पॅनल झाकलं की पंप बंद पडतो."

"ठावं हाय की."

मी एक कुरडई उचलली. खडखडीत वाळलेली होती, बहुधा गेल्या वर्षीची.

"ह्या तर कवाच वाळल्यात," मी म्हणालो.

"व्हय," म्हणत तिनं ती माझ्या हातातून घेऊन परत जागेवर ठेवली.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. पंप का थांबला, जेवलीस का, गुडघा कसा आहे, असं मुलाचं बराच वेळ चाललं. मग तिनं कुरडया डब्यात भरल्या आणि लुगडं सोडलं. पंप सुरू झाला.

"बातम्यांत सांगत्यात, आता यंत्रं माणसावानी बोलणार," ती म्हणाली. "आमच्यात यंत्र बंद पाडलं की माणूस बोलतं."

फॉर्मवर सावलीचं कारण विचारलं होतं. झाड, इमारत की इतर? मी 'इतर'वर खूण केली. खाली 'तक्रार मिटली का' असा रकाना होता. तिथं 'नाही' लिहिलं.